पिंपळनेरच्या विहिणीचं लुगडं

धुळ्याच्या बसस्टँडसमोरच्या रसवंतीत मी उसाच्या रसाचा ग्लास तोंडाला लावला होता आणि त्याच वेळी टेपवर मीच गात होते. सोबत आमच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका होत्या. आम्ही जळगावहून कसल्याशा प्रशिक्षणाला आलो होतो आणि परतीच्या गाडीला वेळ होता. रसवंतीवाला चरकात ऊस सारता सारता मान डोलवत होता. आवाज ओळखायला मला क्षणही लागला नाही. ही कॅसेट आमच्या घरच्या कपाटात होती. निदान मी तसं समजत होते.

पिंपळनेरनी येहीन उनी, पदर सोडे लांब,
लुगडं शे शेजारीननं, घडी मोडू नको, थांब.

बाकावरची माणसं हसली. पिंपळनेरची विहीण आली, पदर लांब सोडला, पण लुगडं शेजारणीचं, तेव्हा बाई, घडी मोडू नकोस. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. माझ्यासोबतची एक शिक्षिका म्हणाली की काय तोंडाची बाई असेल ही, हिला सासरचे कसे नांदवत असतील देव जाणे. दुसरी म्हणाली की असल्या बायकांना लाजच नसते. मीही हसले. हसताना रस नाकात गेला आणि ठसका लागला, ते एक बरं झालं, डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त मिळालं.

त्या दोघींना मी सांगितलं नाही की ती निर्लज्ज बाई तुमच्या शेजारी बसली आहे. तशी मी शाळेत फार सोज्वळ म्हणून प्रसिद्ध होते. अंबाडा, पिन लावलेला पदर, पुस्तकातली मराठी. घरची अहिराणी मी शाळेच्या फाटकाबाहेर चपलेसारखी काढून ठेवायची. आणि इथे रसवंतीत ती अख्ख्या धुळ्याला ऐकू जात होती.

आता ते गाणं आलं कुठून, ते सांगते.

आदल्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेचं लग्न झालं. पारोळ्याजवळ आमचं गाव, तिथे सासऱ्यांच्या दारात मांडव. मुलगा पिंपळनेरचा. लग्न लागल्यावर विहिणीची पंगत बसते. मुलाची आई आणि तिच्याकडच्या बायका जेवायला बसल्या की मुलीकडच्या बायका त्यांना गाण्यातून टोमणे मारतात. विहीण काळी, विहीण जाडी, विहीण हावरी, विहिणीने ताटाखाली लाडू लपवले. जे सुचेल ते जोडायचं. विहिणीने रागवायचं नसतं. तिने घास खाली ठेवायचा आणि तसंच खमंग उत्तर गाऊन द्यायचं. उत्तर मिळालं की टोमणा मारणारीने उठून तिच्या तोंडात लाडू घालायचा, कुंकू लावायचं, आणि मिटलं. मांडव उतरला की गाणंही उतरतं. दुसऱ्या दिवशी ते कुणी म्हणून दाखवत नाही. तशी रीतच नाही.

आमच्याकडच्या बायकांत सगळ्यांत जास्त जीभ माझी चालायची. माझी आई म्हणायची, या पोरीच्या जिभेला हाड नाही. लग्नात तर मला पुढेच बसवायचे. त्या दिवशी मी विहिणीकडे नीट पाहिलं. हिरवं, रुंद काठाचं नऊवारी लुगडं, आणि ती बसताना फार जपून बसली होती, निऱ्यांवर डाग पडू नये म्हणून ताट जरा लांबच ठेवलं होतं. त्यावरून मला ओळ सुचली. लुगडं शेजारणीचं असेल असं मला खरोखर वाटलं नव्हतं. 'लांब'ला 'थांब' जुळलं आणि मी गायले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मांडव हसला. विहीणही हसली. तिने पाण्याने हात धुतला, पदर सावरला आणि खड्या आवाजात उत्तर दिलं:

मास्तरीननी जीभ, जशी कोयतानी धार,
लोकेस्ना पोऱ्या खेयाडस, पायना तिन्हा गार.

मास्तरणीची जीभ कोयत्याच्या धारेची. लोकांची पोरं खेळवते आणि तिचा स्वतःचा पाळणा गार. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हे तिला कुणी सांगितलं होतं की मास्तरीण म्हटल्यावर सहज सुचलं, कोण जाणे. मग मीच सगळ्यांत मोठ्याने हसले, उठले, तिच्या तोंडात लाडू घातला. तिने माझा गाल दाबला. हिशेब पुरा झाला. दुसऱ्या दिवशी घंगाळ घासताना मी थोडी रडले, पण राग आला नाही. मांडवातलं बोलणं मनावर घ्यायचं नसतं हे मला तिच्याइतकंच ठाऊक होतं.

फक्त त्या मांडवात त्या वर्षी एक नवी वस्तू होती. माझ्या नवऱ्याने नवाच टू-इन-वन टेपरेकॉर्डर घेतला होता. तो जळगावात सरकारी कचेरीत कारकून. त्याला गाण्याचं वेड, आणि वेडाहून जास्त यंत्राचं वेड. त्याने तो टेप मांडवाच्या खांबाला आम्हा बायकांच्या डोक्यावर टांगला होता. माझं गाणं त्यात भरलं गेलं. जळगावला आल्यावर त्याने ती कॅसेट चार वेळा वाजवली. विहिणीचं उत्तर मात्र त्यात नव्हतं. माझ्या 'थांब'नंतर हशा, मग 'खट्', मग नुसती खरखर. कॅसेट संपली असेल असं मी धरून चालले. त्याने वरचा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकला. तो मोडला की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. माझी बायको कुणी पुसायला नको, असं तो म्हणाला. मला तेव्हा ते गोड वाटलं होतं.

तेव्हाचं जळगाव असं होतं की कॅसेट मागितली आणि दिली नाही असा माणूस सापडला नसता. साखर एक वेळ नाही म्हणतील. आमच्या घरी खोकंभर कॅसेटी होत्या, त्यात विकत घेतलेली अस्सल एकही नव्हती. कोरी कॅसेट घ्यायची, दुकानात नेऊन द्यायची, आवडीची गाणी सांगायची, दोन दिवसांनी भरून मिळायची. कुणाकडे दोन खणांचा टेप असला तर घरच्या घरी. ती गाणी गाणाऱ्यांना, वाजवणाऱ्यांना त्यातलं काय पोचतं असा प्रश्न आम्हाला पडला नाही. गाणं म्हणजे विहिरीचं पाणी. दोर आपला असला की काढावं.

तर माझी कॅसेटही तशीच गेली. नवऱ्याच्या कचेरीतल्या एकाने ऐकायला नेली. पंधरा दिवसांनी परत आली, तीही पेन्सिल घालून नीट गुंडाळून. माणूस प्रामाणिक होता. मधल्या काळात त्याने एक प्रत काढली, त्याच्या मेव्हण्याने एक काढली, मेव्हण्याच्या गावच्या जीपवाल्याने एक. यात कुणाला चोरी वाटली असेल असं मला वाटत नाही. आम्हाला तरी कधी वाटली होती?

धुळ्याहून घरी येऊन मी नवऱ्याला रसवंतीतलं सांगितलं. माझा समज की तो चिडेल. त्याचा चेहरा फुलला. म्हणाला, अगं तू तर प्रसिद्ध झालीस. मी भांडले, पण खरं सांगायचं तर त्या भांडणात पुरता जोर नव्हता. धुळ्याच्या स्टँडवर आपला आवाज वाजतो, याची मनात कुठेतरी गुदगुलीही होती. नाव तर कुणाला माहीत नाही, मग बिघडलं काय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण माझ्या गाण्यात माझं नाव नव्हतं, पिंपळनेरचं होतं. हे मला आबा येईपर्यंत सुचलं नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. ते लेकीला भेटायला पिंपळनेरला गेले होते. तिथून गावी न जाता थेट आमच्याकडे जळगावला आले. पाण्याचा तांब्या पुढे केला तर हाताने बाजूला सारला. म्हणाले की विहीणबाई बाजारात निघाल्या की मागून पोरं ओरडतात, घडी मोडू नको, थांब. दुकानात लुगडं पाहायला गेल्या तर दुकानदाराचा नोकर गालात हसतो. भावकीतली दोन लग्नं झाली, दोन्हीला त्या गेल्या नाहीत. आबांना त्यांनी चहा पाजला, जेवू घातलं, एका शब्दाने टोचलं नाही. फक्त निघताना उंबऱ्यात सांगितलं की आखाजीला वहूला, सुनेला, माहेरी धाडणार नाही.

आमच्या खान्देशात आखाजीचं महत्त्व बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. दिवाळीला एक वेळ लेक आली नाही तर चालतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, ती माहेरी यायलाच हवी. झाडाला झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, पुरणाच्या मांड्यांवर आंब्याचा रस. आणि नणंदेची ही लग्नानंतरची पहिली आखाजी होती. पहिल्या आखाजीला लेक आली नाही म्हणजे दोन घरांतलं काहीतरी मोडलं, असं गाव धरून चालतं. पुढे तिला कुणी आणायला जायचं, तिने कोणत्या तोंडाने यायचं. आबा माझ्याकडे पाहून काही बोलले नाहीत. मी दारामागे उभी होते. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या आवाजाची लाज वाटली, नुसती उघडं पडण्याची नाही. रसवंतीत मी स्वतःसाठी लाजले होते. ती लाज अगदीच स्वस्त होती.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं धुळ्याला गेलो. रसवंतीवाल्याने कॅसेटचं दुकान दाखवलं. काचेच्या कपाटात माझी कॅसेट उभी होती. आता ती रीतसर विकली जात होती. वर छापील कागद, त्यावर नथ घातलेल्या कुठल्याशा बाईचं चित्र, खान्देशी लग्नाची धमाल गाणी असं काहीतरी नाव, आणि खाली बारीक अक्षरांत छापलं होतं: सर्व हक्क राखीव, नक्कल करणे गुन्हा आहे. कॉपीराइट हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दुकानदाराच्या तोंडून ऐकला. तो म्हणाला, ही कॅसेट आमची आहे, आणि जळगावचा एक दुकानदार तिची नक्कल करून विकतो, त्याला तो कोर्टात खेचणार आहे. खरखर साफ करायला त्याला किती कष्ट पडले ते लोकांना दिसत नाही, असंही म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा कशाला म्हणतात ते मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवत होते. पाहिलं तेव्हा.

नवऱ्याने सांगितलं की हे गाणं माझ्या बायकोचं आहे, विकणं बंद करा. दुकानदाराने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तो उद्धट नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

"तुमनं शे कशावरून?" तो म्हणाला. "गाईसन दखाडा."

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सगळी वळून पाहू लागली. गाऊन दाखवलं तर आवाज माझा हे कुणीही सांगितलं असतं. पण त्यासाठी मला धुळ्याच्या भर बाजारात पुन्हा एकदा त्या बाईचं लुगडं फेडावं लागलं असतं. माझं गाणं माझं आहे हे सिद्ध करायला दुसरा मार्ग नव्हता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. दुकानदार गिऱ्हाइकांकडे पाहून हसला, जणू काय एक भानगड टळली. मग जरा दया येऊन म्हणाला की तुमचा आवाज असेलही बाई, मग असं करा, आणखी गाणी भरून द्या, दुसऱ्या बाजूला मला चांगला माल मिळत नाही.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. त्याचं ते दुसऱ्या बाजूचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. मी नवऱ्याला म्हटलं की सगळा घोळ कॅसेट वेळेआधी संपली म्हणून झाला. विहिणीचं उत्तर त्यात आलं असतं तर लोक तिच्या लुगड्याला हसले असते आणि पुढच्याच क्षणी मला हसले असते. फिटंफाट झाली असती. अर्धं भांडण बाजारात गेलं.

त्याने पुढच्या सीटचा दांडा धरला. मग म्हणाला, "कॅसेट संपली नव्हती. मी बंद केली."

मला आधी कळलंच नाही.

"ती पाळण्याचं गायला लागली," तो म्हणाला, "आणि मी बटण दाबलं. घरी परत परत ऐकायला लागू नये म्हणून."

कुणासाठी, हे मी विचारलं नाही. माझ्यासाठी असेल, त्याच्या स्वतःसाठीही असेल. पाळणा गार असेल तर तो एकट्या बाईचा नसतो. त्याच्यावर मला रागवता येईना. माझ्यावर माया म्हणून त्याने एक बोट दाबलं होतं. पण त्या बोटाने झालं काय ते मला त्या गाडीत स्वच्छ दिसलं. आम्ही आमची लाज झाकून घेतली आणि दुसऱ्या बाईची उघडी ठेवली. वर ती लोकांना ऐकायलाही दिली. चोर तो दुकानदार एकटाच होता असं मी त्यानंतर कधी म्हणू शकले नाही.

तेव्हाच मी ठरवलं की आखाजीला नणंदेला आणायला मी जाणार. लेकीला आणायला जातो तो मुराळी, भाऊ नाहीतर बाप. भावजय जात नाही. आबा नको म्हणाले नाहीत. नवरा माझ्यासोबत आला. मी पिशवीत टेप घेतला आणि एक नवी कोरी कॅसेट. मनात पक्कं होतं की विहिणीला सांगायचं, तुमचं उत्तर यात गा, मी ते त्या धुळ्याच्या दुकानदाराला नेऊन देते, तो दुसऱ्या बाजूला घालेल. माझा पाळणा ऐकू द्या लोकांना. मला हा फार मोठा त्याग वाटत होता. गाडीत बसल्या बसल्या मी स्वतःवर जरा खूशही होते, हेही सांगून टाकते.

पिंपळनेरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. नणंदेने दार उघडलं. मला पाहून ती पुढे आली, पण तिने गळ्यात हात टाकला नाही. आता ती त्या घरची होती. पाय धुवायला पाणी देताना तिने खालच्या आवाजात विचारलं, "वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, काय सांगितलं होतं?

"लुगड्याचं. ते खरंच शेजारच्या काकूंचं होतं. आईंनी लग्नात सगळं माझ्यासाठी घेतलं. शालू घेतला, पाच साड्या घेतल्या. स्वतःला घ्यायचं राहून गेलं."

मी तांब्या खाली ठेवला. मला शपथेवर सांगता आलं असतं की मला माहीत नव्हतं, नुसतं यमक जुळलं होतं. पण ते सांगून काय उपयोग होता. धुतलेले पाय तसेच ओले ठेवून मी आत गेले.

विहीण तांदूळ निवडत होती. साधं घरातलं लुगडं, डोक्यावर पदर. तिने मला बस म्हटलं, खुशाली विचारली. नवऱ्याने बाहेरच्या ओसरीवर व्याह्यांशी पाऊसपाण्याच्या गप्पा काढल्या. मी फार वेळ काढला नाही. पिशवीतून टेप काढला, तिच्यासमोर ठेवला, आणि जे ठरवून आले होते ते सगळं सांगितलं. नवऱ्याने बटण कसं दाबलं, तेही सांगितलं. म्हटलं, येहीनबाई, तुमी तुमनं गाणं गावा. बठ्ठा लोकेस्ले ऐकू द्या.

तिचा हात तांदळात थांबला. तिने टेपकडे पाहिलं, कोऱ्या कॅसेटकडे पाहिलं. मग माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला मान खाली घालावी लागली.

"मांडवमधलं मांडवमाच ऱ्हास, बाई," ती म्हणाली. "मन्हं लुगडं बजारमा गयं. आते तुन्हा पायना बी धाडू का मी?"

माझं लुगडं बाजारात गेलं, आता तुझा पाळणाही पाठवू का. ती हे रागाने म्हणाली असती तर मी सोसलं असतं. ती अगदी साध्या आवाजात बोलली, घरातल्या पोरीला समजावतात तशी. मग तिने टेप स्वतःच्या हाताने उचलून माझ्या पिशवीत ठेवला, वर माझाच टॉवेल घातला आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. मी तिथेच बसून रडले. मोठ्याने, नाक ओढत, मास्तरणीला शोभणार नाही असं. तिने मला गप्प केलं नाही आणि जवळही घेतलं नाही. तिने मला माफ केलं असं मी अजूनही म्हणू शकत नाही. तिने फक्त माझ्यासारखं वागायला नकार दिला.

सकाळी तिने नणंदेची ओटी भरली. वहूला घेऊन जा, तिने कुणाचं काय केलं, एवढंच बोलली. मलाही हळदीकुंकू लावलं आणि माझ्या हातात एक घडी ठेवली. हिरवं, रुंद काठाचं लुगडं. मी ते ओळखलं आणि हात मागे घेतला. तिने तो धरून ठेवला. शेजारणीला तिने नवं कोरं लुगडं आणून दिलं होतं आणि हे स्वतःचं करून ठेवलं होतं. आता कुणी विचारलं तर सांग की ते माझंच होतं आणि मी तुला दिलं, असं ती म्हणाली. आहेर नाकारता येत नाही. मी वाकून नमस्कार केला आणि ते घेतलं.

साक्रीला गाडी बदलायची होती. उन्हाची वेळ, स्टँडवर आखाजीची गर्दी, जिकडे तिकडे माहेरी निघालेल्या पोरी, त्यांच्या पिशव्या, त्यांचे मुराळी. नवरा रांगेत उभा राहिला. आम्ही दोघी चहाच्या टपरीच्या सावलीला बाकावर बसलो. लुगडं माझ्या मांडीवर होतं, पिशवीत ठेवायला मला धीर होत नव्हता. टपरीवाल्याने कॅसेट बदलली आणि टेपवर मी गायला लागले.

पिंपळनेरनी येहीन उनी, पदर सोडे लांब.

गर्दीतल्या दोन पोरी सोबत गाऊ लागल्या. त्यांना तोंडपाठ होतं. एका म्हाताऱ्याने टाळी दिली. मी दोन्ही हात त्या हिरव्या घडीवर दाबून धरले, जणू ते कुणी ओढून नेणार होतं. नणंद समोर पाहत होती. गाणं पुढे सरकलं, शेजारीण आली, घडी आली, थांब आलं, मांडवातला तो हशा आला, त्यात तिच्या सासूचं हसूही होतं, मला ते आता वेगळं ओळखू येत होतं. आणि मग ते 'खट्' वाजलं. दुकानदाराने खरखर साफ केली होती, पण ते त्याच्याकडून राहून गेलं होतं. प्रतीच्या प्रतीच्या प्रतीतून माझ्या नवऱ्याचं ते एक बोट साक्रीपर्यंत आलं होतं.

पुढे लगेच दुसऱ्याच कुणाचं गाणं सुरू झालं. त्या दोन्हींच्या मधल्या जागेत काय होतं, ते अख्ख्या स्टँडवर आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. नणंद त्या मांडवात नवरी म्हणून बसली होती, तिने ते ऐकलं होतं. तिला ते तिथे म्हणता आलं असतं. त्या पोरींपेक्षा मोठ्या आवाजात म्हणता आलं असतं, आणि तिच्या सासूचा हिशेब तिथल्या तिथे चुकता झाला असता. मी वाटच पाहत होते. खरं तर तिने म्हणावं असंच मला वाटत होतं.

तिने पदराने कपाळ पुसलं. माझ्या मांडीवरचं लुगडं हळूच उचललं, त्याची एक बाजू सुटली होती ती नीट दुमडली आणि ते माझ्या पिशवीत टेपच्या वर ठेवलं.

"वहिनी," ती म्हणाली, "चला, गाडी लागली."